रविवारचं इंजेक्शन

आमच्या गल्लीतल्या टेलरबाईंची नजर म्हणजे टेपच. दुकानात पाऊल टाकणाऱ्या बाईची कंबर त्या लांबूनच सांगायच्या. स्वतःच्या लेकीचं माप मात्र त्यांनी दोन वर्षं घेतलं नव्हतं. तिचे कपडे अंदाजानं शिवायच्या, जरा सैलसरच.

लेक पंधराची, वजन ब्याण्णव किलो. जिना चढताना धाप लागायची, रक्तातली साखर काठावर. डॉक्टरीणबाईंनी वर्षभर आहार, व्यायाम करून पाहिला आणि मग भूक कमी करून वजन उतरवणारं, आठवड्याला एक असं इंजेक्शन लिहून दिलं.

"नुसत्या औषधानं काही होत नाही," त्या म्हणाल्या. "जेवण आणि चालणं सुटता कामा नये. दर महिन्याला दाखवायला यायचं. डोस मी ठरवणार."

रविवारी सकाळी लेक पोटाला इंजेक्शनचं पेन लावायची आणि टेलरबाई शेजारी बसून दहापर्यंत आकडे म्हणायच्या. मळमळ झाली, पण भूक मावळली. तिसऱ्या महिन्यात त्यांनी गणवेशाचा स्कर्ट दोन इंच आत घेतला. "बाई, पोरगी ओळखू येत नाही हो!" असं गिऱ्हाईक म्हणालं की त्यांना आभाळ ठेंगणं व्हायचं.

मग शाळा सुरू व्हायचा हंगाम आला. गणवेशांचा ढीग पडला आणि तपासणीची तारीख हुकली. पुढच्या महिन्याचीही हुकली.

एकदा फ्रिज पुसताना पेनांचा खोका रिकामा दिसला. चार रविवारांचा खोका, आणि रविवार झाले होते दोनच.

"दोन पेनं कुठं गेली गं?"

"पडली हातातून. फुटली," लेक वहीतून मान वर न करता म्हणाली.

टेलरबाईंनी पुढं विचारलं नाही. जुनीच चिठ्ठी दाखवून त्या नवा खोका घेऊन आल्या.

न्हाणीघराच्या जाळीत केसांचे पुंजके अडकू लागले. डबा शाळेतून भरलेला परत येऊ लागला.

"दोन घास तरी खा बाई."

"तूच म्हणालीस ना, अजून थोडं राहिलंय?"

म्हणाल्या होत्या खऱ्या. तोंडात टाचण्या धरून, स्कर्टाची कंबर आवळताना.

एका मंगळवारी दुपारी शाळेतून फोन आला. लेक वर्गात पोट धरून कोसळली होती, हिरव्या उलट्या थांबत नव्हत्या. दवाखान्यात कळलं की पित्ताशयात खडे झालेत, स्वादुपिंडाला सूज आलीय.

"इंजेक्शन किती दिवसांनी घ्यायचीस?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

लेकीनं आईकडं पाहिलं. "दर चौथ्या दिवशी."

"मला अंदाज आला होता," टेलरबाई म्हणाल्या.

पित्ताशय काढावं लागलं. अकराव्या दिवशी लेक उशीला टेकून बसली. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं, "हे औषध तुला आता पुन्हा नाही."

"मग दुसरं कुठलं आहे?" लेकीनं विचारलं.

टेलरबाईंनी डॉक्टरीणबाईंकडून समुपदेशकाचा पत्ता लिहून घेतला.

आता दर गुरुवारी दुकान बंद ठेवून त्या तिला समुपदेशकाकडं नेतात. थोडं वजन परत आलंय. लेक संध्याकाळी चालते, ताटावर बसते, जेवतेही. फक्त प्रत्येक घासानंतर आईच्या तोंडाकडं बघते. त्या वेळी चेहरा कसा ठेवायचा, हे टेलरबाईंना अजून जमलेलं नाही.