सरांचे हात पुढे येतात

माझ्या मावशीला आमच्या क्लबात सगळे शिट्टीमावशी म्हणतात. गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच आणि चेहऱ्यावर ‘मला फसवून दाखवा’ असा भाव. तायक्वांदो खेळणाऱ्यांच्या अंगात खेळापुरता किती दम आहे, ते मोजणं हे तिचं काम. त्यासाठी मैदानाला फेऱ्या मारायला लावणाऱ्यांचा तिला मनस्वी तिटकारा. "पळायचंच असेल तर सुटलेल्या बसमागे पळा," म्हणते. तिच्या चाचणीत शिट्टी झाली की डाव्या-उजव्या पायाने पॅडवर जमतील तितक्या किक मारायच्या, जरा थांबायचं, की पुन्हा शिट्टी. लढतही अशीच असते. पहिल्या फेरीत सगळेच वाघ. शेवटच्या फेरीत कोणाची शेळी होते, ते ती बघते.

त्या वर्षी संघात एकच जागा उरली होती आणि ती मला हवी होती. अगदी झोपेतही हवी होती. दुसरी दावेदार होती ताडमाड उंच. तिला आम्ही शिडी म्हणायचो. मी पडले बुटकी.

चाचणीच्या सकाळीच किक मारायचा पुतळा उसवला, पोटातल्या चिंध्या बाहेर आल्या. "त्यात काय, मी धरतो पॅड," आमचे प्रशिक्षक म्हणाले. सरांचं पोट मोठं आणि मन त्याहून मोठं.

चाचणी झाली आणि पॅडवर बसलेल्या किकचे सगळ्यांचेच आकडे मागच्या वेळेपेक्षा वाढले. सर्दीने डोळे सुजलेल्या मुलीचेसुद्धा! मी तर चक्क शिडीला मागे टाकलं आणि मॅटवर कोलांटी मारली. मावशीने मात्र नाक मुरडलं.

"सगळेच एका रात्रीत सुधारले? कुठेतरी पाणी मुरतंय. सर, पॅड धरा बघू."

तिने पाय उचलला आणि हवेतच थांबवला. पॅड आपणहून पुढे आलं आणि तिच्या पायाला भेटलं. आम्ही खो-खो हसलो. सर लाजून लाल झाले.

"अहो, सवय! नव्या पोरांची किक वाया गेली की जीव वरखाली होतो माझा. मग मीच पॅड पुढे देतो."

"आणि बुटक्यांना जरा जास्तच?" मावशीने विचारलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी ताज्या पायांनी पुन्हा चाचणी घ्यायची ठरली. मी भांडले. मावशी म्हणाली, "मावशी घरी. इथे फक्त शिट्टी." घरी आईने बहिणीला फोनवर फैलावर घेतलं, "सख्ख्या भाचीच्या तोंडचा घास काढतेस?" पण मावशीने चाचणी काही रद्द केली नाही.

सकाळी सर स्वतःच म्हणाले, "मला बांधा. माझा माझ्या हातांवर भरवसा नाही." मग त्यांच्याच काळ्या पट्ट्याने त्यांना कोपरांसकट खांबाला बांधलं. शेवटच्या फेरीत माझा पाय इतका खाली आला, की किक पॅडऐवजी सरांच्या मांडीवर बसली. बिचाऱ्यांना उडीही मारता येईना. जागा शिडीला मिळाली.

कपडे बदलायच्या खोलीत मी हमसून हमसून रडले. मावशी बर्फाची पिशवी घेऊन आली आणि माझा पाय तिने मांडीवर घेतला.

"स्पर्धेत पॅड पुढे आणणारं कोणी नसतं गं. समोरची उलट मागेच सरकते. तुझी उंची आड येत नाहीये, दम कमी पडतोय. उद्या लवकर ये."

"नाही येणार. मला तुझ्याशी बोलायचंच नाही."

"नको बोलूस. किक मार."

मला तिचा भयंकर राग आला होता. आणि इतकं खरं मला तोंडावर सांगणारं दुसरं कोणी नव्हतं, हेही कळत होतं. सकाळी मी गाल फुगवून हॉलमध्ये गेले. मावशी मॅटवर पॅड धरून उभी होती. मी पाय उचलला तशी ती एक पाऊल मागे सरकली. मी दातओठ खात पुढे झाले, ती आणखी मागे. शेवटी ती भिंतीला टेकली आणि माझी किक पॅडच्या मधोमध बसली.

"हां," मावशी म्हणाली, "ही तुझी."