रांगोळीतला पंजा

दारातल्या रांगोळीत आज माझ्याच हाताचा पंजा उमटलाय. कमळ पुरं करून उठले, तर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तोल सावरताना हात नेमका पाकळ्यांवर टेकला. समोरच्या वहिनी हुंगायला कांदा फोडून घेऊन आल्या. त्या वासाने डोळ्यांना धार लागली, बाकी काही झालं नाही. कांदा तरी काय करणार, माझी नाडीच मंद चालली होती.

ब्लडप्रेशरच्या गोळीने होतं असं कधीकधी. डॉक्टरांनी फोनवर संध्याकाळी तपासायला बोलावलंय आणि तोवर उठताना घाई करू नका, असं बजावलंय.

"आई, उद्यापासून स्टिकरची रांगोळी लावू या," सून म्हणाली. तिची माया कळते मला. पण चिकटवलेलं कमळ रोज सकाळी नव्याने उमलतं थोडंच!

मनगटावर बोटं ठेवून बसले. एक ठोका येतो, जरा रेंगाळतो, मग दुसरा. रांगोळीची चिमूटही अशीच सोडावी लागते. डबे आणि ऑफिसच्या धांदलीत मी आयुष्यभर रेघा नुसत्या ओढल्या. आता सावकाश म्हणताय, तर सावकाश. पण बसून राहा म्हणायचं काम नाही.

सून फडकं घेऊन आली. "राहू दे गं," म्हटलं आणि पाटावर बसून पंजाच्या पाच बोटांना पाच पाकळ्या काढल्या. मग चौकट धरून, थांबत थांबत उठले.

पुसायचंच असेल, तर उद्या सकाळी मी पुसेन. नवी काढायला जागा लागेल ना मला!