काळी चारची काळी पाच

हे मी कधी लिहिलेलं नाही. तोंडाने सांगायलाच तीन वर्षं गेली. दिवाळी पाडव्याची संध्याकाळ, रोह्यातला हॉल, दोनशे दहा प्रेक्षक, आणि ऑर्गनवर मी.

त्या वर्षी पक्ष फुटला होता आणि त्याच्याबरोबर घरंही. आमच्या हौशी नाटकमंडळीतले दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. आमच्या संगीत नाटकाच्या नायिका शैलाताई रोह्याशेजारच्या अष्टमी गावात शिवणाचं दुकान चालवतात. तोड त्यांनीच काढली – प्रयोगाला गळ्यात कुठल्याच गटाचं उपरणं नको, सगळ्यांनी आजा-आजीचे कपडे घालून यायचं. आणि लोक आले. लुगडी, लांब कोट, टोप्या, डांबरगोळ्यांच्या वासासकट. कुवेतहून सुट्टीवर आलेला एकजण आजोबांच्या शेरवानीत आला, बाह्या कोपरापर्यंतच. कोण कुठल्या गटाचा, ओळखूच येईना. ते दोघे भाऊ एका रांगेत बसले.

शैलाताई आजेसासूच्या जरीच्या शालूत, फुग्याच्या बाह्यांचं पोलकं घालून. शेवटच्या पदाच्या अंतऱ्यात त्यांनी स्वतःची एक ओळ घातली होती – ‘कालची पगडी आज फिरली, आतले डोके कुणाचे?’ पहिल्या रांगेत नुकताच गट बदललेले साहेब बसणार होते. तालमीत सगळे हसले. मीही हसलो.

माझा मुलगा धाटावला एका कंपनीत कंत्राटावर होता. कंत्राट साहेबांच्या माणसाकडे. कळतंय ना, मी कुठे चाललोय?

मध्यंतरात मी तबलजी नामदेवला म्हटलं, “ताईंनी शेवटचं पद काळी पाचमध्ये घ्यायला सांगितलंय.”

ताईंनी तसं काही सांगितलं नव्हतं. त्यांची गाण्याची पट्टी काळी चार. काळी पाच म्हणजे ऑर्गनवर शेजारचीच काळी पट्टी, बोटभर अंतर – पण वरच्या सुरांत गळ्याला ती भिंत होते.

“व्हय? आज ताई जोरात हायत,” म्हणत नामदेवने चढा तबला पुढे ओढला.

मी सूर दिला, त्यांनी तोच उचलला. माझ्या बोटांवर त्यांचा विश्वास होता. अंतऱ्याच्या वरच्या सुरावर आवाज फाटला. फाटला की ताई पुढची पगडीची ओळ सोडून ध्रुवपदावर येतील, हा माझा हिशोब. तो बरोबर निघाला. साहेबांनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या.

लोक म्हणाले, बाईंचं वय झालं. बाईंनीही तेच मानलं आणि गाणं सोडलं. आणि मी काय केलं? दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी ज्येष्ठमधाची पुडी घेऊन गेलो – गळ्यासाठी.

मुलाचं कंत्राट टिकलं. साहेब वर्षभरात जुन्या गटात परतले.

या श्रावणात शैलाताईंच्या दुकानात जाऊन सांगून टाकलं. शिलाई मशीन थांबलं.

“म्हणजे माझा गळा बरा होता?”

“होता.”

“भाऊ, तीन वर्षं गुळण्या करतेय मी. मिठाच्या. घरातले म्हणतात, हिला मिठागरातच नेऊन बसवा.” मग त्यांनी हातातल्या कापडाची घडी घातली. “नामदेवला ठाऊक हाय?”

“नाही.”

“मग मंडळीत सगळ्यांसमोर सांगा. आणि त्या ऑर्गनला परत हात लावायचा नाय.”

सांगितलं. उभं राहून, कुठली पट्टी दिली तेसुद्धा. कुणी ओरडलं नाही. नामदेव उठून बाहेर गेला, तो परत आला नाही. घरी आल्यावर बायकोला सांगितलं. चार दिवसांनी पेणला भावाकडे निघालो, तर एसटीत मी चक्क गुणगुणत होतो. लाज वाटली. तरी थांबलो नाही – इतकं हलकं वाटत होतं.

या पाडव्याला शैलाताई पुन्हा उभ्या राहिल्या. काळी तीनवर. तीन वर्षं न गायल्याने गळा एक काळी खाली आलाय, तो आता वर जाणार नाही. ते माझं काम. ऑर्गनवर पेणची एक मुलगी होती. पगडीची ती ओळ ताईंनी दोनदा घेतली, दुसऱ्यांदा सावकाश.

मी मागच्या रांगेत होतो. या मंडळीच्या नाटकाचं तिकीट मी आयुष्यात पहिल्यांदा काढलं. दीडशे रुपये. खिडकीत ताईंची मुलगी बसली होती, तिच्या हातात दिले.