खालून कापलेली ओळ

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास एक कुत्री आमच्या वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेच्या घरी तात्पुरती राहायला आली. चोविसाव्या दिवशी ती नालवाडीच्या एका घरी कायमची म्हणून गेली. पाच दिवसांनी परत आली. ती का परत येईल, हे मला आधीपासून माहीत होते. माझ्या वहीत तसे लिहिलेले होते.

ती आर्वीच्या एसटी डेपोत सापडली. उजवा मागचा पाय मोडलेला होता. तो कसा मोडला याच्या दोन हकिकती ऐकायला मिळाल्या. एक अशी की बस मागे घेताना पाय चाकाखाली आला. दुसरी अशी की कोणीतरी मारले. प्रत्यक्ष पाहिलेला माणूस दोन्हींसाठी भेटला नाही. वर्ध्यात भटक्या जनावरांची देखभाल करणारा आठ-दहा जणांचा एक गट आहे. त्यातल्या एका शाळेच्या शिक्षिकेने तिला डॉक्टरांकडे नेले, पायाला प्लास्टर घातले, नसबंदी करून घेतली आणि ऑटोत घालून आमच्याकडे आणले. पाय जुळेपर्यंत आम्ही सांभाळायचे आणि तोवर गटाने घर शोधायचे, असे ठरले. जानेवारीच्या मध्यात आम्हाला लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला जायचे होते. तिथे दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. म्हणून मुदत दोन महिन्यांची होती.

माझे पती पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत. त्यांनी ऑटोतून तिला उचलून आत आणले आणि पहिला नियम घातला.

"नाव ठेवू नोको तिचं. नाव ठेवलं का घरची होते. मंग जानेवारीत रडत बसशीन."

"मी कशाला रडू?"

"तू नाई रडत. मी रडतो. म्हनून सांगतो."

त्यामुळे तिला नाव नव्हते. ते तिला पाहुणी म्हणत. आठवडाभरात ती त्या हाकेवर येऊ लागली, तेव्हा हे नावच झाले, असे मी म्हटले. त्यांनी ते मान्य केले नाही.

मी तीस वर्षे एका दैनिकाच्या जिल्हा पानावर उपसंपादक होते. सवयीने वही ठेवली. किती खाल्ले, किती वाजता, पाय जमिनीला टेकला का, कोणाला भुंकली. दूधवाल्याला भुंकत नाही. झाडू, छत्री, कुकरची शिट्टी यांची भीती नाही. फटाका वाजला तर कान हलवते, उठत नाही. अकराव्या दिवसाची नोंद अशी: "दुपारी गच्चीवर माकडे आली. यांनी हाकलायला काठी उचलली. कुत्रीने जागेवर लघवी केली, पलंगाखाली गेली. संध्याकाळपर्यंत बाहेर नाही. जेवली नाही." दोन दिवसांनी काठी नुसती भिंतीला टेकवून ठेवलेली दिसली, तेव्हाही असेच झाले. काठी शेजाऱ्यांकडे दिली. माकडांसाठी पती ताट वाजवू लागले.

प्लास्टर निघाल्यावर शिक्षिकेने मजकूर मागितला. फोटोखाली टाकून व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर फिरवायचा होता. मी बारा ओळी लिहिल्या. पहिल्या ओळीत कुत्री कोणती आणि कुठे सापडली, मग वय, पाय, नसबंदी, लशी, मग स्वभाव, बाराव्या ओळीत, "काठीला घाबरते." शिक्षिकेचा निरोप आला की फोटोखालच्या चौकटीत अकराच ओळी मावतात, एक कमी करा.

बातमी लिहिताना महत्त्वाचे वर घेतात आणि कमी महत्त्वाचे खाली ढकलतात. पानावर जागा कमी पडली की मजकूर पुन्हा वाचत बसायला वेळ नसतो, खालून कापतात. मी शेवटची ओळ कापली आणि मजकूर पाठवला. मिनिटसुद्धा लागले नाही.

फोन आले. एकाने विचारले, "जात कोनती हाये?" गावठी म्हटल्यावर त्याने फोन ठेवला. एकाला शेतात रानडुकरे हाकलायला कुत्रा हवा होता. लंगडते म्हटल्यावर तो म्हणाला, "मंग डुक्करच तिले हाकलन." एका बाईंनी कुत्र्याबद्दल काही न विचारता मी पूर्वी पेपरमध्ये होते का असे विचारले आणि त्यांच्या गल्लीतल्या नालीची तक्रार सांगितली.

चौथा फोन नालवाडीहून आला. आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता.

"ताई, थे आर्वी डेपोतली कुत्री देली का कोनाले?"

"नाही अजून."

"मी कंडक्टर होतो आर्वी डेपोले. बावीस वर्सं. आमच्या डब्यातली पोळी खाऊनच तिथचे कुत्रे वाढले. हे त्यायच्याच खानदानातली असन. मले द्या."

शिक्षिका आणि मी घर पाहायला गेलो. फोन करणाऱ्या कंडक्टर काकांचा मुलगा नागपुरात नोकरीला, शनिवार-रविवार येणारा. सून अंगणवाडीत सेविका. नऊ ते चार काका घरी एकटेच असत. अंगण, कंपाऊंडची भिंत, फाटकाखालची फट, खायला कोण घालणार, सुनेची संमती, सगळे मी वहीत लिहिले. काका अंगणात खुर्चीवर बसलेले होते. आम्ही आलो तेव्हा बसलेले आणि निघालो तेव्हाही बसलेले. निघताना ते म्हणाले, "उठत नाई, राग नका मानू. गुडघे सुटीवर गेले." आम्ही हसलो. ते उठतात तेव्हा कशाच्या आधाराने उठतात, हे मी विचारले नाही. काठी दाराच्या मागे होती. ते नंतर कळले.

कुत्री गेली त्या दिवशी पती स्वयंपाकघरात बराच वेळ भांडी लावत होते.

पाचव्या दिवशी सकाळी सुनेचा फोन आला. आवाज दबका होता.

"ताई, ते दिवाणाखालून निघतच नाई. मी घरी आली का खाते थोडंसं. बाबा बसले असले तं डोकं काढते बाहेर. बाबा उठले का गेली आत. काल बाबा तिच्याजवळ गेले, तं थरथरून राह्यली होती. बाबा जेवले नाई काल."

अर्ध्या तासाने ऑटो आमच्या फाटकापाशी थांबला. सून कुत्रीला घेऊन उतरली. काका ऑटोतच बसून होते. दोन्ही हात काठीच्या मुठीवर होते. कुत्री माझ्या पायांमागून वळसा घालून जिन्याखाली गेली. मी काठीकडे पाहिले आणि त्यांना सांगितले. ती काठीला घाबरते. तुम्हाला नाही, काठीला.

त्यांनी विचारले,

"म्हंजे तुमाले मालूम होतं?"

"हो."

"मंग लिवलं काऊन नाई?"

"लिहिलं होतं. जागा कमी पडली, म्हणून कापलं."

"एका वळीची जागा नव्हती?"

मी नाही म्हटले. ते सुनेला म्हणाले, "चाल." ऑटो वळून गेला. त्या दिवशी वहीत मी वेळ लिहिली आणि त्यापुढे "परत" एवढेच लिहिले.

वरची एक ओळ कापून मजकूर बाराव्या ओळीसह पुन्हा फिरवला. दहा दिवसांत एकच विचारणा आली. वर्ध्याबाहेर एका शेतावर तिला न्यायला तयार होते. शिक्षिका पाहून आली. दिवसभर साखळीला बांधणार, चारा रचलेल्या शेडमध्ये. तिथल्या माणसाच्या हातात काठी होती. गुरे राखायची तर ती असणारच. दुसरा पर्याय म्हणजे गटाचा पिंजरा. तिथे आधीच सहा कुत्री होती. पुण्याच्या गाडीला तीन आठवडे उरले होते. पतींनी पुण्याला एकटीनेच जा, असे सुचवून पाहिले. लेकीने फोनवर सांगितले, "बाबा, मले तुमीच पायजे. आई पेपर वाचत बसते." हा पर्याय तिथेच संपला.

मग नालवाडीहून फोन आला. काकाच होते.

"देली का कोनाले?"

"नाही. शेतावरचं एक घर आहे, बांधून ठेवणारं."

"देऊ नका. चार दिवस थांबा."

"काका, काठीशिवाय तुम्ही चालणार कसे?"

"थे माह्यावर सोडा."

पुढची हकिकत सुनेकडून कळली. आदल्या वर्षी काका बाथरूममध्ये पडले होते. डॉक्टरांनी धरून चालायचा चार पायांचा वॉकर घ्यायला सांगितले. मुलाने तो आणला. काकांनी त्याला हात लावला नाही. म्हाताऱ्यांचे लोढणे म्हणून तो प्लास्टिकसकट कपाटामागे उभा होता. चौकातल्या पानठेल्यावर रोज सकाळी त्यांच्या वयाची चार-पाच माणसे जमतात. तिथे ते काठीने जात, पण वॉकर घेऊन जायला तयार नव्हते. सून आणि मुलगा वर्षभर मागे लागले होते. कुत्री परत गेल्यावर आठवड्याने काकांनी स्वतः तो कपाटामागून ओढून काढला, प्लास्टिक फाडले आणि सुनेला विचारले, "हे उंची कुठून कमी होते याची?"

पानठेल्यावर पहिल्या दिवशी काय झाले, तेही तिने सांगितले. ती दळण आणायला गेली होती, तेव्हा ऐकले.

"काय कंडक्टर, नवी गाडी घेतली?"

"घेतली."

"किती शिटा हायेत?"

"एकच. अन् तुयासाठी उभ्यानं बी जागा नाई."

चार दिवसांनी आम्ही कुत्रीला घेऊन गेलो. या वेळी घाई करायची नाही, असे ठरले होते. फाटक उघडे ठेवले. काका अंगणात वॉकर धरून उभे होते. ती फाटकातून आत आली आणि सात पावलांवर थांबली. त्यांनी वॉकर पुढे टाकला, तशी ती मागे सरकली. ते थांबले. पुन्हा टाकला, या वेळी आवाज न करता. ती जागेवर राहिली. अर्ध्या तासाने आम्ही तिला घेऊन परत आलो.

दुसऱ्या भेटीत तिने वॉकरचा एक पाय हुंगला. खालच्या रबरी बुचाला बराच वेळ नाक लावून होती. काका हलले नाहीत. त्यांचे गुडघे थरथरत होते, ते मला दिसत होते. सून खुर्ची घेऊन मागे आली. ते न वळता म्हणाले, "थांब वं. इन्स्पेक्टर तपासनी करून राह्यली." हुंगणे संपल्यावर बसले.

तिसऱ्या भेटीत आम्ही गेलो तेव्हा ते आतल्या खोलीत होते. वॉकरचा आवाज आला. कुत्रीने कान वर केले. ती दिवाणाखाली गेली नाही. ते दारात आले, पोळीचा तुकडा वॉकरच्या आडव्या दांडीवर ठेवला आणि दुसरीकडे पाहू लागले. तिने मागच्या दुखऱ्या पायावर भार देऊन मान उंच केली आणि तुकडा घेतला. दुखऱ्या पायावर एवढा भार तिने पहिल्यांदाच दिला होता. मी वेळ लिहून घेतली. पाच वाजून दहा मिनिटे.

त्या दिवशी आम्ही तिला तिथेच ठेवले. निघताना काकांनी सुनेला दाराकडे खूण केली. तिने दारामागची काठी आणून माझ्या पतींच्या हातात दिली. बांबूची होती. मूठ घासून गुळगुळीत झाली होती, टोकाला लोखंडी टोपी होती.

"हे घेऊन जा तुमच्याकडं," काका म्हणाले. "घरात राह्यली का हात जाते."

"लागली तर?" मी विचारले.

"लागली तं सांगीन ना फोन करून. नंबर हाये तुमचा." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "अन् ताई, आता लिवसान तं पुरं लिवजा."

कुत्रीला दिसू नये म्हणून पतींनी ती काठी पिशवीत गुंडाळून ऑटोत ठेवली.

गटाच्या नियमाप्रमाणे पंधरा दिवसांनी आणि महिन्याने पाहणी करतात. आम्ही पुण्यात होतो, म्हणून शिक्षिका गेली. पहिल्या पाहणीत वजन दीड किलोने वाढले होते. दुसऱ्या वेळी घरी कोणी नव्हते. काका आणि कुत्री पानठेल्यावर होते. ती वॉकरच्या डाव्या बाजूला बसली होती, साखळी नव्हती. पानठेल्यावरची मंडळी तिला क्लीनर म्हणत होती. शिक्षिकेने फोटो पाठवला. पतींनी तो दोनदा मोठा करून पाहिला आणि पाय बरा दिसतो असे सांगितले.

मार्चमध्ये आम्ही पुण्याहून परत आलो. काठी आमच्या जिन्याखाली आहे. ती मागणारा फोन आलेला नाही.