सोनगीरला न पोचलेले मांडे

मांडे करायला बसण्याआधी अक्का हातातल्या काचेच्या बांगड्या उतरवायची आणि माझ्या मनगटांत घालायची. "धर बापू. फुटनी ते तुले मांडा नही," असं बजावायची. मग चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर पाण्याचा शिपका मारून, कान तिरका करून ऐकायची. चर्र आवाज तिला हवा तसा आला की पहिला गोळा हातात घ्यायची. पुरण भरलेला तो सैल गोळा या हातावरून त्या हातावर झुलत जायचा आणि बघता बघता तिच्या कोपरापर्यंत उपरण्यासारखा पसरायचा. हातात बांगडी असली तर तो फाटतो, म्हणून बांगड्या माझ्याकडे. लग्नघरच्या मांडवात हिरव्या बांगड्या घालून बसलेला मी, आणि "बापूबाई, बापूबाई" म्हणत भोवती नाचणारी पोरं. मी रडकुंडीला आलो की अक्का मान न वळवता म्हणायची, "नाचू दे. त्यासले फाटेल मांडाच भेटी."

सुमन तिचं नाव. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. आमचे वडील धरणगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचे. ते गेले तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो, धाकटी लता तर मायच्या कडेवर. अक्काने शाळा सोडली. हंगामात कापूस वेचायची आणि लग्नसराईत मांडे करायची. धरणगाव, अमळनेर, धुळ्यापर्यंत तिला बोलावणी यायची. तिच्या हातांवर कोपरापर्यंत एक केस नव्हता, सगळे जळून गेलेले. त्या गुळगुळीत हातांवर आमचं घर चाललं, माझी शाळा झाली आणि पुढे धुळ्याचं कॉलेजही.

ती कमी बोलायची. "हात हालना ते मांडा फाटस, तोंड हालनं ते घर," हे तिचं नेहमीचं वाक्य. पण बोलली की समोरचा गप्प. एकदा एका लग्नात मुलाचा काका सारखा चुलीपाशी येऊन मांड्यांच्या चळतीत बोट घालायचा. "पोरी, मोजी ठेव बरं. कमी नको पडाले." अक्का म्हणाली, "मोजा ना आबा. पन हात धुईसन मोजा." बायका हसून लोळल्या. मग आबा थेट जेवणाच्या पंगतीलाच दिसले.

त्याच लग्नात सोनगीरचा एकनाथ जेवायला होता. तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या दुकानात तो कामाला होता. पंगतीतून उठून तो चुलीपाशी आला आणि नुसतं विचारलं, "हाई मांडा कोनी करा?" बायकांनी अक्काकडे बोट दाखवलं. त्याने मांडा दोन्ही हातांनी उजेडासमोर धरला, म्हणाला, "यातून सूर्य दिखस." आणि गेला. अक्काने वर पाहिलंसुद्धा नाही. पण त्या दिवशी तिचा पुढचा मांडा फाटला. तिचा मांडा फाटलेला मी तेवढा एकदाच पाहिला.

महिन्याभरात त्याची आई आमच्या घरी आली. हुंडा नको, लग्न साधंच करू, पोरगी पसंत आहे, म्हणाली. माय सारवलेल्या जमिनीकडे पाहत राहिली. तिची अडचण मला तेव्हाही कळत होती. अक्का गेली तर चूल कशी पेटणार? पाहुणी गेल्यावर मायने मला बोलावलं. वडिलांमागे घरातला पुरुष मी. मिसरूड फुटलेलं, कॉलेजचं पहिलं वर्ष. "धुळाले जाताना सोनगीरले उतर. त्यासले सांग, आमले आते हाई जमत नही. दुसरी पोरगी दखा." अक्का आत भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला. तिला कोणी काही विचारलं नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी निघताना अक्काने माझ्या हातात एक फडकं दिलं. आत घडी घातलेले मांडे. पहाटेच खापर तापवून केलेले. "सोनगीरले दे," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "अक्का, माय नको म्हनस ना?" ती म्हणाली, "मायनं मायनं सांग. मन्हं मन्हं दे." मायचं सांगायचं, तिचं द्यायचं, एवढं बजावून ती पाण्याला निघून गेली.

इथपर्यंत मला सगळं स्वच्छ आठवतं. पुढचंही आठवतं, पण कळत नाही.

आमच्याकडे मोडलेल्या सोयरिकीच्या घरचं कोणी पाणीही पीत नाही. नकाराबरोबर गोडधोड कोण पाठवतं? सोनगीरला एस.टी.तून उतरलो तेव्हा डोक्यात हाच घोळ होता. तोंडाने नाही म्हणायचं आणि हाताने मांडे द्यायचे? ते मला येडा म्हणतील. की अक्कालाच म्हणतील? किल्ल्याच्या पायथ्याशी एका दगडावर मी बसलो. गावातून भांडी ठोकण्याचा आवाज येत होता. फडकं सोडलं. एक घडी उलगडून पाहिली. अक्काच्या हातचा इतका पातळ मांडा मीही कधी पाहिला नव्हता. त्याचा एक तुकडा खाल्ला. मग बाकीचेही खाल्ले.

भूक लागली होती हे खरं. पण नुसती भूकच होती का? अक्का सोनगीरला गेली तर माझं कॉलेज संपणार, हे मला माहीत होतं. मांडे खाताना ते मनात होतं की नव्हतं? पन्नासहून जास्त वर्षं मी स्वतःला हे विचारतो आहे. कधी वाटतं, मी पोरच होतो, गोंधळलो. कधी वाटतं, गोंधळलेला माणूस हात धुऊन, फडकं झटकून, नीट घडी घालून खिशात ठेवत नाही. मी ठेवलं होतं.

एकनाथच्या घरी गेलो. मायचा निरोप सांगितला. तरीही त्याच्या आईने चहा दिला. एकनाथ दारात उभा होता. मी उठल्यावर त्याने विचारलं, "तिनी काही सांगं का?" मी म्हटलं, "नही."

सुटीला घरी आलो तेव्हा अक्का चुलीपाशी होती. माय बाहेर गेल्याचं पाहून तिने हळूच विचारलं, "मांडा खादा का त्यास्नी?"

"खादा."

"काय म्हनात?"

"चांगला व्हता म्हने."

"आनि?"

"आनि काही नही."

तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाली, "बरं. खादा ना, मंग झायं." त्यानंतर तिने सोनगीरचं नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही. तिने आपलं म्हणणं पाठवलं होतं, ते पोचलं आणि तिकडून उत्तर आलं नाही, एवढंच तिला कळलं. तिकडे एकनाथला कळलं की तिला काही म्हणायचंच नव्हतं. वर्षभरात त्याचं लग्न झालं.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तिच्या लग्न झालेल्या मैत्रिणी माहेरी यायच्या. निंबाला झोके बांधलेले असायचे. अक्का त्यांना झोके द्यायची, स्वतः क्वचितच बसायची. कुणीतरी म्हणालं, "सुमन, तू बी बस ना वं." ती हसून म्हणाली, "आखाजीले येवासाठे पहिले जावं लागस." सगळ्या हसल्या. मीही हसलो होतो.

पुढे तिला कावीळ झाली. आम्ही आधी झाडपाला केला, नंतर जळगावला दवाखान्यात नेलं. उशीर झाला होता. शेवटच्या दिवशी तिचे हात चादरीवर होते, पिवळे, गुळगुळीत. बांगड्या परिचारिकेने उतरवून माझ्याकडे दिल्या होत्या. अक्काने त्या माझ्या हातात पाहिल्या आणि म्हणाली, "बठ्ठ्या शेतस ना?" सगळ्या आहेत, मी म्हटलं. तेव्हा तरी मांड्यांचं सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण लता डबा घेऊन आली, आणि राहिलं. अक्का गेली तेव्हा तिची तिशीही उलटली नव्हती.

मी शिकलो, धुळ्याला शिक्षक झालो, लताचं लग्न जळगावला करून दिलं. निवृत्तीच्या समारंभात बोलताना अक्काचा विषय निघाला आणि मी सांगितलं, "माझ्या बहिणीने आमच्यासाठी आपलं लग्न स्वतः नाकारलं." लोकांनी डोळे पुसले. टाळ्याही झाल्या. तेव्हापासून आमच्या नात्यात ही गोष्ट अशीच सांगितली जाते. म्हणजे ती मीच पसरवली. तिने नाकारलं असतं की नसतं, हे मला आजही माहीत नाही.

हे आता लिहायचं कारण मयूरी. लताची नात. तिचा बाप, म्हणजे लताचा मुलगा, अर्धांगवायूने घरी बसला आहे. मयूरी जळगावात एका लॅबमध्ये नोकरी करते, घर तिच्यावर चालतं. तिला पुण्याहून चांगल्या नोकरीचं बोलावणं आलं आणि ती जाणार नाही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. यंदा आखाजीला लताकडे गेलो तर येणारा-जाणारा तेच म्हणत होता, "पोरगी अगदी सुमनअक्कावर गेली." लताचे डोळे भरून येत होते. मयूरी ताटं वाढत होती. मांडे बाहेरून मागवले होते. कोणीतरी तेच आणखी एकदा म्हणालं, तेव्हा तिच्या हातातल्या भांड्यांचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

तो आवाज मी ओळखला.

जेवणं झाल्यावर मी तिला गच्चीत बोलावलं आणि वर लिहिलेलं सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी. मला वाटलं ती रागावेल. ती म्हणाली, "नाना, सगळे मांडे तुम्ही एकट्याने खाल्ले?"

"हो."

"एकही ठेवला नाही?"

"नाही गं."

ती हसली. "मग सुमनआजीच्या मनात काय होतं?"

"मला माहीत नाही. कोणी विचारलंच नाही. घरात कोणी वाईट नव्हतं, मयूरी. तुझ्या घरातही नाही. म्हणून तर भीती वाटते. तू जा, असं मी म्हणत नाही. राहा, असंही म्हणत नाही. मला त्यातलं काहीच कळत नाही."

"मग?"

"मग विचारतोय. तुला काय हवंय?"

खाली कोणीतरी पोरींसाठी निंबाला झोका बांधला होता. त्याची दोरी करकरत होती. मयूरी कठड्याला टेकून उभी राहिली. मग बोलली. आधी अडखळत, नंतर सलग. मी शेवटपर्यंत ऐकलं. बोलून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि विचारलं, "हे तुम्ही खाली जाऊन सांगाल? माझ्याने होणार नाही."

ती काय म्हणाली ते इथे लिहीत नाही. ते तिचं आहे. मी जिन्याचा कठडा धरला आणि गुडघे दुखत असूनही मध्ये कुठे न बसता खाली उतरलो.