पारोसा ठोकळा
बायकोनं केसांना रंग लावला की घरभर अमोनियाचा उग्र वास पसरतो आणि मला चंद्रपूरच्या वीजकेंद्रातली एक खंडेनवमी आठवते. चिमणीच्या धुरातला विषारी वायू कमी करायला आम्ही उत्प्रेरकाचे ठोकळे लावून पाहत होतो. त्यांच्या जाळीदार छिद्रांतून धुरासोबत अमोनिया गेला की तो वायू निरुपद्रवी होई. संच बंद होता म्हणून ठोकळे काढून शेडमध्ये ठेवलेले. सकाळी गेलो, तर पाने-हातोड्यांच्या रांगेत तेही पाटावर मांडलेले, पाण्यानं लख्ख धुतलेले, हळदीकुंकू लावून वर झेंडू. छिद्रांत बसलेल्या धुराच्या राखेवर पाणी पडलं की तिच्यातले क्षार ठोकळ्यात मुरतात आणि तो कामातून जातो. "भाऊ, हे काऊन धुतलं?" मी म्हाताऱ्या फिटरला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, पूजेले पारोसं कसं मांडाचं?" मी प्रसादाचं खोबरं घेतलं. ठोकळे पुन्हा बसवले, पण अमोनिया त्यांच्यातून जसाच्या तसा पलीकडे निघाला, तपासणीची झडप उघडताच सगळ्यांचे डोळे झोंबले आणि चाचणी गुंडाळली गेली. माझ्या टेबलावर होता म्हणून न धुतलेला एकच ठोकळा उरला, तो मी घरी आणला. खंडेनवमीला मी स्कूटरसकट सगळं धुतो. तो तेवढा पारोसाच पुजतो.