मांडवात पिकलेला हशा

पडदा वर जातो तेव्हा वऱ्हाडातल्या आसेगावात, इंद्रभानच्या अंगणात, पांढऱ्या कापडाचा मांडव उभा आहे. टेबलावर बुद्धाची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, आणि त्याखाली, ताज्या हारात, खुद्द इंद्रभान. वंदना आटोपली आहे. आज त्याचं पुण्यानुमोदन, म्हणजे मृत्यूनंतरचा बौद्ध विधी. रिवाज असा, की जवळच्यांनी एकेक करून माईकवर यावं आणि गेलेल्या माणसाविषयी चार शब्द बोलावेत. शेवटचा मान मुलाचा.

मुलगा प्रसेनजित पुण्याहून आलेला. अंगात कडक इस्त्रीचा सदरा.

पुण्यात पहिल्याच मुलाखतीत त्याच्या तोंडून 'मला'ऐवजी 'मले' निघालं आणि टेबलापलीकडचे साहेब गालात हसले होते. पोरगा हुशार. त्याने जीभ अशी घोटून घेतली, की पुढे लोक विचारू लागले, "मूळचे पुण्याचेच का?" एवढ्यावर थांबता तर कोणी नावं ठेवली नसती, पोटासाठी माणूस काय काय सोडतो! पण सोडलेली बोली त्याला भलत्याच कामी आली. ऑफिसात चहाच्या वेळी मित्र म्हणत, "प्रसन्या, वऱ्हाडी होऊन जाऊ दे!" मग तो मान वाकडी करी, 'बे' लांबवी आणि बापाचं बोलणं करून दाखवी. एकदा बापाचा फोन आला तर त्याने गुपचूप स्पीकर लावला. इकडची खसखस ऐकून इंद्रभान खूश.

"तुये दोस्त लय हसरे हायेत बाप्पा! सोयाबीन निघाल्यावर घेऊन येजो त्याहिले घरी."

आता चुलत बहीण धम्मदीपाने माईक हातात दिला. "बोल दादा."

"बाबांचं व्यक्तिमत्त्व अत्यंत साधं होतं..." त्याने सुरुवात केली आणि समोरच्या बायांनी पदर सावरले, साहेब बोलायला लागल्यावर सावरतात तसे. प्रसेनजितला ते बोचलं. आपण काय प्रमुख पाहुणे आहोत? निदान आज तरी बापाच्या भाषेत बोलू, असं त्याने ठरवलं.

"शेताच्या धुऱ्यावरून बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायचे, 'काय बे, चाय न पेता कुठी चालला?'"

मान आपोआप वाकडी झाली. 'बे' लांबला. हात कमरेवर गेला. आणि मांडवात हशा पिकला.

हसणारे दुष्ट नव्हते. बिचाऱ्यांच्या डोळ्यांत पाणीही होतं. पण जे सोंग वर्षानुवर्षं हसवण्यासाठी बसवलेलं, ते एका दुपारपुरतं रडवणार कसं?

"कसा हुबेहूब केला ना दादानं मोठेबाबाले!" धम्मदीपा डोळे पुसत म्हणाली.

पहिल्या ओळीत बसलेली विमलबाई, त्याची माय, तेवढी हसली नव्हती. ती लेकाकडे बघत होती, अनोळखी माणसाकडे बघावं तशी.

"प्रसेनजित," ती हळूच म्हणाली, "असा बोले काय रे तुया बाप?"

हशा विझला. प्रसेनजितने पुन्हा तोंड उघडलं. 'मले' म्हणू गेला, तर मान परत कलायला लागली. त्याने ती हाताने धरल्यासारखी सरळ केली. कानशिलं तापली. हारातल्या फोटोकडे बघण्याची हिंमत होईना. सारं गाव वाट बघत होतं. अखेर, त्याला आता जी येत होती त्याच भाषेत, तो मायला म्हणाला,

"नाही गं माय. असं मी पुण्यात बोलायचो. मित्रांना हसवायला."